मागील पानावरून पुढे

हिशेबाच्या वहीतील एक नियम अढळ आहे : गतवर्षाची अखेरची शिल्लक हीच नव्या वर्षाची आरंभीची शिल्लक. त्यात एका रुपयाचा फरक पडला तरी मुनिमास चैन पडत नाही. एकच नायक अनेक पुस्तकांतून व चित्रपटांतून वावरू लागला, की वाचकही त्याच्या कथेकडे याच नजरेने पाहू लागतो.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश, वीस पुस्तकांतून सायकल दामटतो. वर्षे सरतात, तो मात्र शाळकरीच राहतो. १९८७ मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवन यांनी तो साकारला. २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघ यांचा बनेश वैद्यकीय शिक्षणाच्या उंबरठ्यावरील तरुण आहे. इतकेच नव्हे, तर २००१ मध्ये निवर्तलेले भागवत स्वतःच दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने त्या कथेत त्याला भेटतात!

अशी विसंगती परदेशीही आढळते. शेरलॉक होम्सचा मित्र डॉ. वॉटसन १८८७ च्या कादंबरीत खांद्याला जखमी झालेला असतो. १८९० च्या कादंबरीत तीच युद्धातील जखम पायाला असल्याचे कळते. वाचकांनी ही चूक हेरली, पण वॉटसनची निष्ठा अभंग असल्याने त्याला सोडले नाही.

चित्रपट आधी पाहिलेला नातू पुस्तक हाती येताच आजोबांना विचारतो, ‘यातला खरा फेणे कोणता?’ पिंपरी-चिंचवडच्या घरात याचे उत्तर देण्यास दूर जावे लागत नाही. १९७२ पासून आकुर्डीच्या बजाजने घरोघरी पोहोचवलेली ‘चेतक’ २०१९ मध्ये विजेवर चालणारी होऊन परतली आणि चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. पेट्रोलची टाकी गेली, आवाजही गेला. नावाबरोबर पुढे आली ती कुटुंबाच्या भरवशाच्या वाहनाची अपेक्षा. नव्या गाडीची पारख त्याच अपेक्षेवर होते.

कथेतही वय, वर्ष वा शाळा बदलली तर वाचक क्षमा करतो. परंतु दुसऱ्यावरील अन्याय पाहून बनेश मान फिरवून निघून गेला, तर सर्व तारखा जुळूनही तो फास्टर फेणे उरणार नाही. पेढीवर लाल वहीच्या जागी संगणक आला तरी माप तेच राहावे, अशीच ही गोष्ट आहे.

म्हणून नातवाच्या प्रश्नावर ‘आमचाच खरा’ असे म्हणून विषय संपवू नये. पुस्तक त्याच्या हाती द्यावे आणि विचारावे, ‘दोघांत न बदललेले काय सापडले?’