फुकटची रात्र कोणाच्या खिशातून?

२०२४ च्या डिसेंबरात मी माझ्याच गावात पाहुणा झालो. प्रतापनगरातल्या घरापासून स्कूटीने पंधरा मिनिटांवरच्या एका पंचतारांकित हॉटेलात मी आणि बायको एक रात्र राहून आलो. लग्नाचा वाढदिवस नव्हता, घरात रंगकाम चालू नव्हतं, पाहुण्यांनी खोल्या अडवल्या नव्हत्या. क्रेडिट कार्डावरचे पॉइंट ३१ तारखेला मरणार होते, एवढंच. पूर्वी घरात कोणी शेवटच्या घटका मोजत असलं की गंगाजल शोधायचे. आता पॉइंट शेवटच्या घटका मोजू लागले की हॉटेल शोधतात.

खरं तर आठवडाभर आधीच जायचं होतं. पण १६ ते २१ डिसेंबर विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. त्या आठवड्यात नागपुरातल्या बऱ्या हॉटेलांचे दर सभागृहातल्या आवाजासारखे चढतात. मंत्री, त्यांचे सचिव, सचिवांचे सचिव आणि या सगळ्यांना भेटायला आलेली कंत्राटी मंडळी यांतून खोली उरली, तर तिला पॉइंट चालत नाहीत. तेव्हा आम्ही अधिवेशनाचा मांडव उठेपर्यंत थांबलो.

रिसेप्शनवरच्या मुलीने माझं आधार कार्ड पाहिलं. उलटून पुन्हा पाहिलं.

"सर, लोकल?"

"हो. प्रतापनगर."

"मग येण्याचं कारण काय लिहू?"

मी खाली मान घालून म्हणालो, "पॉइंट."

तिने तितक्याच शांतपणे माझ्या कार्डावर पाच हजार रुपये अडकवून ठेवले. अनामत म्हणे. फुकट राहायला आलेल्या माणसाकडून अनामत घेण्यात एक रोखठोकपणा आहे, तो मला आवडला. खोलीत गेल्यावर बायकोने गादी दाबून पाहिली, खिडकीतून आपल्या घराची दिशा शोधली आणि विचारलं, "अहो, आपल्या पलंगाला काय झालं होतं?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला हा लेख लिहावा लागतोय.

आधी हिशेब. मी अठ्ठावीस वर्षं कॉमर्स शिकवलं, चक्रवाढ व्याजाची गणितं फळ्यावर सोडवून घेतली. तेव्हा गुन्हा अज्ञानातून झाला असं म्हणायची सोय मला नाही. खोलीचं भाडं ९,००० रुपये. साडेसात हजारांवरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी, म्हणजे झाले १०,६२०. बँकेचा नियम असा की पॉइंटांनी बिलाचे सत्तरच टक्के भरता येतात. त्यासाठी माझे ७,४३४ पॉइंट गेले. उरलेले ३,१८६ रुपये रोख, खऱ्या पैशांत. शिवाय या काळ्याकुळकुळीत कार्डाची वार्षिक फी १०,००० अधिक जीएसटी, म्हणजे ११,८००. बेरीज करा: १४,९८६. दहा हजार सहाशेवीसची खोली मला पंधरा हजारांना फुकट मिळाली. दोघांच्या नाश्त्याचे १,७७० यात धरलेले नाहीत.

नाश्त्याला तर्री-पोहे होते. तांब्याच्या चिमुकल्या वाटीत तर्री, तिच्यावर कोथिंबिरीचं एकच पान. ती तर्री इतकी माणसाळवलेली होती की तिला चमच्याने कुरवाळावंसं वाटलं. कस्तुरचंद पार्काजवळच्या टपरीवर उभं राहून खाल्लेली तर्री डोळ्यांतून पाणी काढते. इथे पाणी बिल पाहिल्यावर आलं.

आता कार्डभक्त म्हणतील, सर, तुम्हाला कार्ड वापरताच येत नाही. फी माफ करून घ्यायची असते, वर्षाचा खर्च ठरलेल्या आकड्यापर्यंत न्यायचा असतो. न्यायचा असतो ना! मी नेतच होतो. ही साधनाही सांगतो. दीडशे रुपयांना चार पॉइंट. पण पेट्रोलवर नाही, घरभाड्यावर नाही, वॉलेटवर नाही, सरकारी भरण्यावर नाही. म्हणजे माणूस ज्यासाठी खरोखर पैसे खर्च करतो, तेवढं वगळून. मग मित्रांसोबत सावजी खायला गेलो की मी विजेसारखा उठायचो. "कार्ड माझं, कॅश तुमची!" चौघांच्या मटणाचे पॉइंट एकट्याच्या खात्यात. साडूचा फ्रिज माझ्या कार्डावर. शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नाच्या साड्यासुद्धा माझ्या कार्डावर. इतवारीतला दुकानदार हात जोडून म्हणाला, "सर, कार्डावर दोन टक्के आम्हाला लागतात, यूपीआय करा ना." मी ताठ मानेने म्हणालो, "कार्डच घ्या." त्याच्या दोन टक्क्यांतून माझा टॉवेल मऊ होणार होता, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी विचारच केला नाही.

इथे नागपूरकर म्हणून एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण बक्षिसांनी माणसाला वळण लावायचा कारखाना या गावाने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिला आहे. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी इथे सुरू झाली. कामगार खाडे फार करत. रोज शंभरातले वीसेक जण गैरहजर. व्यवस्थापक होते बेझनजी मेहता. हा माणूस रेल्वेच्या मालखात्यातून आलेला, त्याला कापडातलं काही कळत नव्हतं, पण माणसांतलं कळत होतं. दंड वाढवण्याऐवजी त्यांनी बक्षिसं लावली. नियमित येणाऱ्याला, चांगलं काम करणाऱ्याला घड्याळं, पदकं, साखळ्या, कापड. आणि तीही समारंभाने, घरच्यांच्या देखत. १९०१ साली तिथे प्रॉव्हिडंट फंड आला. टाटा काही धर्मशाळा चालवत नव्हते. माग थांबला की नफा थांबतो, हे त्यांना पक्कं कळत होतं. त्याच जमशेदजींचं ताजमहाल हॉटेल पुढे १९०३ साली मुंबईत उघडलं.

म्हणजे बक्षीस हा शब्द नागपूरला नवा नाही. फरक एवढाच की गिरणी काम केल्याचं बक्षीस द्यायची, बँक खर्च केल्याचं देते. घड्याळ मिळालेल्या कामगाराच्या घरी महिनाअखेर चार पैसे जास्त यायचे. माझ्या घरी महिनाअखेर एक टोस्टर जास्त आला. गिरणी २००२ साली बंद पडली. तिच्या जागेवर आता एम्प्रेस सिटी मॉल आहे. आजोबांनी जिथे कापड विणलं तिथे नातू कपडे विकत घेतो, आणि कार्ड घासताना वाटतं की आपणच काहीतरी कमावतो आहोत.

बरं, मी गणितात कच्चा ठरलो म्हणून सगळेच ठरतात असं नाही. पक्के लोक आहेत. तारखेच्या तारखेला पूर्ण बिल भरतात, फी माफ करून घेतात, पॉइंट विमान कंपनीकडे वळवतात आणि बायकोमुलांसह परदेशात जाऊन येतात. त्यांचा हिशेब खरोखर नफ्यात असतो, हे मी मान्य करतो. पण हिशेबाच्या वहीला दोन बाजू असतात. जमा कोणाकडे दिसली की नावे कोणाकडे पडलं ते शोधावं, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत आलो. बँक हे पैसे छापत नाही. थोडे इतवारीच्या दुकानदाराकडून येतात. तो ते मालाच्या किमतीत घालतो आणि रोखीने घेणारी मोलकरीणही ते भरते. अमेरिकेत २०२३ साली फेडरल रिझर्व्हच्या शोधनिबंधांच्या मालिकेत खुद्द कार्डधारकांमधलाच हिशेब मांडला गेला: कार्डांच्या बक्षिसांपायी वर्षाला सुमारे १५ अब्ज डॉलर कमी शिकलेल्यांकडून जास्त शिकलेल्यांकडे सरकतात, आणि गरिबांकडून श्रीमंतांकडे सरकण्याचा ओघही तसाच. आपल्याकडे २०२४ साली क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या वर गेली. इथला ओघ उलट्या दिशेने वाहत असेल, असं मानायला मी तरी तयार नाही.

आणि मोठा वाटा येतो व्याजातून. ते कोण भरतं, हे मला पोह्यांच्या टेबलावरच कळलं.

फोन भाच्याचा होता. मिहानमध्ये नोकरी करतो, सव्वीस वर्षांचा आहे.

"मामा, चार हजार टाकता का? आज ड्यू आहे. पगार एक तारखेले होऊन राहिला."

"किती थकलेत?"

"ऐंशी. पण मिनिमम चारच आहे न. भरून राहिलो मी दर महिन्याले."

ऐंशी हजार कशाचे? नवा फोन, मित्राच्या लग्नाचा सूट आणि आईच्या दाढेचं रूट कॅनाल. व्याज महिन्याला पावणेचार टक्के, म्हणजे ३,०००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५४०. चार हजार भरले की मुद्दल फिटतं ४६० रुपये. पुढच्या महिन्यात थकबाकी ७९,५४०. वर बिल थकलं की नव्या खरेदीवरची पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदतही जाते. दुधाची पिशवी घेतली तरी पहिल्या दिवसापासून व्याज. पोरगा मन लावून पायऱ्या चढतो आहे आणि जिना खाली सरकतो आहे.

वर्षाला हे ४५ टक्के होतात. विदर्भात सावकार हा शब्द शिवीसारखा वापरतात, आणि त्याला कारणं आहेत. पण राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराने शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज दिलं, तर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. बँकांना तो कायदा लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटलं होतं की कार्डावर ३० टक्क्यांवर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत, आयोगाचा नव्हे. तारीख २० डिसेंबर २०२४. त्या दिवशी आमचं अधिवेशन चालूच होतं.

आता बायकोच्या प्रश्नाचं खरं उत्तर. भाच्याला ते कार्ड मीच मिळवून दिलं होतं. बँक तीच, रंग वेगळा. माझं काळं, त्याचं निळं. "आपल्या माणसाला कार्ड द्या, २,००० पॉइंट मिळवा" अशी योजना होती. मी त्याला घरी बोलावून, चहा पाजून, स्वतःच्या फोनवरून त्याचा अर्ज भरून दिला. आमच्या बहिणीला वाटलं, मामा पोराचं चांगलं करतो आहे. त्या रात्रीच्या ७,४३४ पॉइंटांतले २,००० त्याचे होते. मऊ उशीचा एक कोपरा भाच्याच्या मानेवर पाय देऊन आला होता.

मला कोणी शिस्तीचं प्रवचन देऊ नये. शिस्त असती तर चाललं असतं, हे खरं. पण सगळ्यांनाच शिस्त आली तर या कार्डांवर कोणाला फुकट खोली मिळणार? भाचा चुकला पाहिजे, ही या धंद्याची गरज आहे. माझी शिस्त त्याच्या बेशिस्तीवर पोसलेली आहे. म्हणूनच बँक मला जलतरण तलावाचं पानभर चित्र पाठवते आणि त्याला पाठवते ती ओळ, "फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड कैक महिने-वर्षं लांबू शकते", मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. ती ओळ छापायला रिझर्व्ह बँकेने लावलं आहे. माझी मागणी साधी आहे: ती तलावाच्या चित्राएवढी छापा. त्याखाली त्या ग्राहकाचा स्वतःचा आकडा लिहा, "चार हजार भरलेत, फिटले चारशेसाठ". आणि परवानाधारक सावकाराला जी मर्यादा आहे तिच्या जवळपासची कुठलीतरी मर्यादा सूटबूटवाल्यालाही घाला. पंचेचाळीस टक्के घेणाऱ्याच्या काउंटरवर एसी आहे म्हणून ती सावकारी राहत नाही, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते मला दाखवा. मी कॉमर्सचाच मास्तर आहे.

घरी आल्यावर मी दोन कामं केली. कार्ड बंद करायला फोन लावला. पलीकडचा मुलगा कासावीस झाला. "सर, फी माफ करतो. सर, तीन हजार पॉइंट देतो. सर, थांबा ना." जन्मात मला कोणी इतकं थांबवलं नव्हतं. एकदा मन हललंही. खोटं कशाला सांगू, तीन हजारांत कुठली खोली बसते तेही मी मनात पाहून घेतलं. मग बंद केलं.

दुसरं, सात टक्क्यांची एक एफडी मोडली आणि भाच्याचे ऐंशी हजार एकरकमी भरून टाकले. बँकेतल्या बाईंनी "सर, मुदतीपूर्वी मोडली तर व्याज कमी मिळेल" असं काळजीने सांगितलं. मला हसू आलं. आता तो दर महिन्याला मला पाच हजार आणून देतो. व्याज नाही, पॉइंट नाहीत, विलंब झाला तर दंड म्हणून मामीचं बोलणं.

मागच्या महिन्यात हप्त्यासोबत त्याने अर्धा किलो संत्रा बर्फी आणली. मी सवयीने विचारलं, "कार्डावर घेतली का बे?"

"नाही मामा. रोख."

बर्फी खाताना बायको म्हणाली, हॉटेलातल्या नाश्त्यापेक्षा बरी आहे. होतीच. आणि ती कोणाच्या खिशातून आली होती, ते या वेळी मला माहीत होतं.