सृष्टीचा संसार : उंबराचें फूल

फार दिवसांनीं भेटणाऱ्या आप्ताला आपण ‘उंबराचें फूल’ म्हणतों. उंबराला फूल दिसत नाहीं, म्हणून हा वाक्प्रचार पडला. परंतु फूल नसतें असें मात्र नाहीं. ज्याला आपण कोंवळें फळ समजतों, ती शेंकडों सूक्ष्म फुलांची मिटलेली पिशवीच होय. तिला एकच बारीक द्वार. तेथें ना वारा शिरतो, ना मधमाशी. मग परागांची देवघेव व्हावी कशी?

हें कार्य गांधीलमाशीच्या दूरच्या गोतांतला एक चिमुकला कीटक करतो. परागांनिशीं मादी त्या द्वारांतून आंत घुसते. त्या खटाटोपांत तिचे पंखहि बहुधा तुटतात. कांहीं फुलांवर ती पराग पसरते, कांहींत अंडीं घालते व तेथेंच देह ठेवते. पुढें तिच्या संततींतील बिनपंखी नर फळाच्या भिंतीस भोंक पाडतात आणि त्या वाटेनें तरुण माद्या नवे पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे उडतात. कीटकाला घर मिळालें, वृक्षाला बीज मिळालें.

सृष्टींतील सर्वच शेजार असा परस्परहिताचा नसतो. गुरांमागून हिंडणारा गायबगळा गवतांतून उडालेले किडे टिपतो. त्यांत गुरांचा विशेष लाभ नाहीं, हानीहि नाहीं. उंबराच्या संसारांत मात्र एकावांचून दुसऱ्याचा वंश चालत नाहीं.

अंजीर हा उंबराचाच भाऊबंद. कॅलिफोर्नियांत स्मर्ना जातीचीं अंजिरें लावलीं. झाडें फोफावलीं, पण फळें पिकण्यापूर्वींच गळत. अखेर १८९९ सालीं त्यांचा कीटक तेथें रुजविण्यांत आला, तेव्हां कोठें फळें धरूं लागलीं.

औदुंबर हें दत्तगुरूंचें स्थान, म्हणून अंगणांतला वृक्ष आपण सहसा तोडीत नाहीं. हें उत्तमच, परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. बाहेर पडलेली मादी एकदोन दिवसच जगते. तेवढ्यांत तिला योग्य अवस्थेंतील कोंवळें उंबर सांपडलें पाहिजे. आणि एका झाडाचीं फळें बहुधा एकदमच वाढतात. म्हणून आसपास मागेंपुढें फळणारे अनेक उंबर हवेत. ओढ्याकांठचे उंबर एकामागून एक पडले, किंवा त्यांवर जालीम कीटकनाशक फवारलें गेलें, तर अंगणांतला पूजनीय वृक्षहि निर्बीज होण्याची भीति आहे.

तेव्हां औदुंबराला प्रदक्षिणा घालून झाल्यावर, गांवांत एकंदर उंबर किती उरले आहेत, हें घरांतील मुलांकडून एकदां मोजवून घ्यावें.