रेषा चित्रकाराची, भार कुणाचा?

लाइफ क्लासमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते: 'नुसती नक्कल नको, रेषेत भावना ओता.' मग विद्यार्थी कोळशाची कांडी दाबतो, बोटाने पुसतो, रबराने ओरबाडतो आणि त्या फटकाऱ्यांना 'अभिव्यक्ती' म्हटले जाते. आमचा साधा सवाल आहे: अभिव्यक्ती कुणाची? पाऊण तास एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या बाईची, की कागदामागच्या कलावंताची?

जोरकस रेषेला आमचा विरोध नाही. उलट ती हवीच. भार एका पायावर आला की गळ्याची खाच त्या पायाच्या घोट्यावर येते, त्या बाजूची कंबर उचलली जाते, खांदा खाली कलतो. ताण तिथे आहे. कोळसा तिथे दाबा. टाच बधिर झालेली आणि फटकारे मात्र केसांत, ही भावना नव्हे, हा नखरा आहे.

कॅथे कोलवित्झचा नवरा बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर होता. त्याच्याकडे येणाऱ्या थकल्या बायका तिने पाहिल्या, म्हणून तिच्या काळ्या रेषेला वजन आहे. आपल्या नागपूरच्या सावी सावरकरांची रेषा ओबडधोबड आहे. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस गुळगुळीत रेषेत कसा मावेल?

जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडले. स्टुडिओत तेच दिसते. हात चालवणारा कलावंत, अंग झिजवणारी 'मॉडेल'. चित्राखाली सही एकाचीच.

२०१७ साली रवी जाधव यांचा 'न्यूड' गोव्याच्या इफ्फीतून वगळला गेला, तेव्हा अभिव्यक्ती स्वातंत्र्यासाठी आम्हीही ओरडलो. ओरडायलाच हवे होते. पण मॉडेलची रोजंदारी किती, मध्ये विश्रांती मिळते का, कपडे बदलायला आडोसा आहे का, हे आम्हीही विचारले नाही. ही चूक आमचीच.

कुणी म्हणेल, वस्तीत कळू नये म्हणून त्यांनाच नाव नको असते. खरे आहे. मग नाव द्यायचे की नाही आणि कोणते द्यायचे, हे तिला ठरवू द्या. पण चित्राखाली कागद आणि कोळसा लिहिता, तिथे ती किती वेळ उभी होती तेही लिहा.