पाऱ्याला घर आहे

२९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला. त्याआधीचा नीचांक ७ जानेवारी १९३७ चा होता, ३.९. एक्क्याऐंशी वर्षांचा विक्रम मोडला म्हणून शहरातले लोक असे खूश झाले की जणू विदर्भाने पुन्हा रणजी जिंकली. कानटोप्या, स्वेटर, तलावावरचं धुकं, वाफाळता चहा. उन्हाळ्याच्या नावाने शिव्या खाणाऱ्या शहराला एक दिवस काश्मीर झाल्यासारखं वाटलं.

मित्रांनो, त्या ३.५ बद्दलच आज बोलायचं आहे. डिसेंबर उजाडला की हा आकडा पुन्हा निघतो आणि आपण तो चहासोबत गिळतो. पण हा आकडा येतो कुठून?

सोनेगावला विमानतळापाशी हवामान खात्याची वेधशाळा आहे. तिथे एक लाकडी पेटी असते. पांढऱ्या रंगाची, चारी बाजूंनी झडपा, वर दुहेरी छप्पर, आणि चार पायांवर उभी, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढी उंच. तिच्या पोटात थर्मामीटर. ऊन थेट लागू नये, पाऊस लागू नये, रात्रीचं उघडं आभाळ थेट अंगावर येऊ नये म्हणून एवढा थाट. जगात पुष्कळ ठिकाणी अशाच पेटीत तापमान मोजतात. शास्त्र बरोबर आहे, मोजणाऱ्याशी आमचं भांडण नाही. पण पाहा, पाऱ्याला घर आहे! त्याला छप्पर आहे, भिंती आहेत, जमिनीची ओल लागू नये म्हणून पाय आहेत. बर्डीवर बंद दुकानाच्या पायरीवर झोपणाऱ्या माणसाजवळ यातलं काहीच नाही.

निरभ्र रात्री जमीन दिवसभराची ऊब आभाळाला देऊन मोकळी होते. ढग नसले तर ती ऊब परत येत नाही. वारा पडलेला असला तर जमिनीला चिकटलेली हवा सगळ्यांत आधी गार पडते, वरची हवा मागून. म्हणून पेटीतल्या पाऱ्यापेक्षा खाली मातीवर दोन-चार अंश कमीच असतात. पेटीत साडेतीन होते तेव्हा फुटपाथवर किती असतील, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. पेपरात छापून येते ती घरवाल्यांची थंडी. बिनघरवाल्यांची थंडी मोजायला कोणी वाकत नाही.

मागे एका सरकारी इस्पितळाबाहेर रात्री गेलो होतो. आत पेशंट, बाहेर नातलग. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा, कुठून कुठून आलेले. एक म्हातारी भिंतीला पाठ लावून बसली होती. म्हटलं, "मावशी, अंगाखाली काय घेतलं?" म्हणाली, "पेपर घेतला बाबू. पोट्टं म्हणे, याच्यातच छापून आलं का गंज थंडी हाये म्हून."

थंडी सगळ्या महाराष्ट्रात एक नसते हेही समजून घेतलं पाहिजे. उत्तरेचे कोरडे वारे मध्य प्रदेश ओलांडून खाली उतरतात, त्यांचा पहिला तडाखा विदर्भाला. हिवाळ्यात गोंदिया आणि नागपूर यांच्यात कोण जास्त गार याची जणू शर्यत लागते. २०१८ च्या त्याच आठवड्यात निफाडला पारा दोन अंशांच्या खाली गेला. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागायतदारांनी पहाटे बागेत शेकोट्या पेटवल्या. पेटवाव्यात, वर्षाची कमाई असते त्यात, आमचा द्राक्षावर राग नाही. पण त्याच पहाटे राज्यात दुसरीकडे बीडहून आलेला ऊसतोड कामगार कोपीतून बाहेर पडत होता, दव पडलेल्या उसात कोयता घेऊन शिरत होता. पाचटाचं पान गारठलं की ब्लेडसारखं लागतं. त्याची बायको त्याच्या आधी उठलेली. द्राक्षाला शेकोटी मिळाली ही बातमी झाली. माणसाला मिळाली नाही ही बातमी कोणाची?

मुंबईची गोष्ट वेगळी. तिथे सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश नोंदले गेले, तो आजवरचा नीचांक. एरवी मुंबई पंधरा-सोळा अंशांवरच कुडकुडते, आणि आपल्या नागपूरच्या पोरांना हसू येतं. मी मुंबईच्या गोदीत ठेक्यावर हमाली करतो, मीही आधी हसायचो. मग रात्रपाळीत लोखंडाच्या सळ्या उचलल्या. समुद्राचा ओला वारा आणि रात्रभर उघड्यावर पडलेलं लोखंड. लोखंडाला थंडी माणसाच्या आधी लागते आणि ते ती हातात देतं. हातमोजे फाटले की हाताला सळी कळत नाही, मग बोट कुठे आहे तेही कळत नाही. हवामान खातंसुद्धा हे ओळखतं. मैदानी भागात पारा दहाच्या खाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी आला की ते शीतलहर म्हणतात. किनाऱ्यावर मात्र पंधराचीच अट आहे. शरीर ज्याला सरावलं त्यावर थंडी ठरते, हे खात्याला मान्य आहे. मग शरीर काय पांघरतं आणि कशावर पडतं, यावरही ती ठरते हे का मान्य होऊ नये?

आता वस्तीत या. जुनी कवेलूची घरं गेली, टिनं आली. कवेलू फुटायचे, गळायचे, पण मातीचे होते, ऊब धरायचे. टिन उन्हाळ्यात तवा आणि हिवाळ्यात बर्फाची लादी. पाचजण एका खोलीत झोपतात, त्यांच्या श्वासाची वाफ टिनाला लागते, पाणी होते, आणि पहाटे चारला पोराच्या तोंडावर टपकते. आभाळात ढग नाही आणि घरात पाऊस! ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांनी गुलाबी थंडीवर कविता लिहाव्यात, आम्ही अडवत नाही. (एक कबुली : अशी एक कविता मीही दहावीत लिहिली होती. मास्तरांनी शाबासकी दिली होती.)

आणि एक दुखणं खास आपलं. सिकलसेल. पुण्याच्या वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागेल, उत्तर नागपुरातल्या पोराला नाही. विदर्भात हा आजार आपल्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासींत मोठ्या प्रमाणात आहे, पिढ्यान्‌पिढ्या रक्तात उतरलेला. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसल्या की जास्त अडकतात, आणि मग हाडाहाडात असा ठणका लागतो की चांगला जवान गडी ओरडतो. हिवाळ्यात तहान लागत नाही म्हणून माणूस पाणी कमी पितो, त्यानेही हा झटका येतो. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत घेतलं, २०२३ मध्ये केंद्राने निर्मूलनाचं मिशन काढलं. चांगलं झालं. पण ज्या पोराला झटका थंडीने येतो त्याच्या घराला भिंत कशाची आहे, हे त्या कार्डावर लिहायला जागा नाही.

आता मुद्द्याचं. थंडीने किती माणसं मरतात? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा २०२२ चा आकडा देशभरासाठी ७२० आहे. त्याच वर्षी उष्माघाताने ७३०. आपलं शहर उन्हाचं, इथे उन्हासाठी कृती आराखडा आहे, भर दुपारी काय करावं याचे फलक लागतात. पण देशाच्या हिशोबात थंडी उन्हाला जवळजवळ बरोबरीने माणसं नेते, आणि हे ७२० म्हणजे फक्त लिहिले गेलेले. न लिहिलेले कुठे जातात?

ते असे जातात. पहाटे फुटपाथवर एक माणूस उठत नाही. पोलीस येतात, अकस्मात मृत्यूची नोंद होते. कागदावर येतं : अनोळखी पुरुष, वय अंदाजे पन्नास, बेवारस. शवविच्छेदनात फुप्फुस निघतं, हृदय निघतं, लिव्हर निघतं. दारू प्यायला होता हेही निघतं. थंडी निघत नाही, कारण थंडी कापून दाखवता येत नाही. ती आत काही ठेवत नाही, सकाळी उन्हासोबत निघून जाते. रात्री कितीला झोपला होता, खाली काय होतं, वर काय होतं, हे कोणी विचारलं तरच ती सापडते. कोणी विचारत नाही.

कोणी म्हणेल, शब्दाने काय फरक पडतो? मेला तो मेला. फरक पडतो. २०१२ पासून शीतलहर केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आहे. आपत्तीत गेलेल्या माणसाच्या घरच्यांना चार लाखांची मदत आहे, अट एवढीच की मृत्यूचं कारण अधिकाऱ्याने प्रमाणित करावं. म्हणजे एका शब्दाची किंमत चार लाख आहे. तो शब्द लिहिला तर सरकारला मान्य करावं लागेल की हा माणूस दारूने नाही मेला, नशिबाने नाही मेला, छप्पर नव्हतं म्हणून मेला. म्हणून तो शब्द लिहिला जात नाही. आपल्याला बेवारस हा शब्द फुकट मिळतो.

आणि छप्पर द्यायचं हे काही आम्ही नवीन मागत नाही. दिल्लीत २००९ च्या डिसेंबरात भर थंडीत एक रात्रनिवारा पाडला, त्यातून सर्वोच्च न्यायालयाचे २०१० चे आदेश आले : शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास, बाराही महिने. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाख ५ हजार ६६५. भागाकार चौथीच्या पोरालाही येतो. चोवीस. तुमच्या भागातला निवारा कुठे आहे, त्याला दार किती वाजता लागतं, बाईमाणसाला आत जागा आहे का, हे आज रात्री जाऊन पाहा आणि मग बोला.

याच शहरात सरकार दर हिवाळ्याला येतं, १९५३ च्या नागपूर करारामुळे. येतं ते थंडीत, राहतं ते ऊबेत. मोर्चे टी-पॉइंटवर अडवले जातात, लांबून आलेली माणसं पटांगणात सतरंजीवर झोपतात, आणि त्यांना अडवणारा पोलीसही तंबूत कुडकुडतो, तो काही आमदाराचा पोरगा नसतो. याच अधिवेशनाच्या दाराशी २३ नोव्हेंबर १९९४ ला ११४ गोवारी चेंगरून मेले, हे शहर विसरलेलं नाही. आणि गंमत पाहा. २०१८ साली अधिवेशन पावसाळ्यातच नागपुरात भरवलं. जुलैत विधान भवनाच्या आवारात पाणी शिरलं, वीज गेली, कामकाज बंद पडलं. हिवाळी अधिवेशन मुंबईत झालं. ज्या डिसेंबरात नागपूरने सगळा विक्रम मोडला, त्या डिसेंबरात सरकार इथे नव्हतंच.

सरकारला बोलून झालं. आता आपल्याला.

आपल्या चळवळीचं कॅलेंडर थंडीचं आहे. ६ डिसेंबर. २५ डिसेंबर, १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली तो दिवस. १ जानेवारी भीमा कोरेगाव. १४ जानेवारी, १९९४ चं नामांतर. १९७९ चा लाँग मार्च दीक्षाभूमीवरून निघाला तोही नोव्हेंबरात. आपल्या आया-बापांनी रेल्वेच्या फलाटावर, शिवाजी पार्कच्या धुळीत, कोरेगावच्या माळावर उघड्यावर रात्री काढल्या. थंडी आपल्याला शिकवायला नको. तरीही आपल्या मागण्यांच्या कोणत्या पत्रकात थंडी आहे? एकाही नाही. आपण काय करतो, तर ब्लँकेट वाटतो. बॅनर लावतो, म्हातारीच्या खांद्यावर ब्लँकेट ठेवतो, चौघेजण ते चार कोपऱ्यांनी धरतो, फोटो काढतो. हे ब्लँकेट कुठलं माहीत आहे? वाटपाची स्वस्त ब्लँकेटं बऱ्याच वर्षांपासून पानिपतची. अमेरिका-युरोपातल्या लोकांनी टाकून दिलेले लोकरी कपडे तिथे येतात, फाडून त्यांचं सूत होतं, सुताचं ब्लँकेट. वजनाला जड, ऊबेला हलकं, एका धुण्यात पिसं. टाकलेल्या माणसासाठी टाकलेल्या कपड्याचं! ब्लँकेट देऊ नका असं आम्ही म्हणत नाही. तो हक्क नाही, एवढं लक्षात ठेवा, आणि फोटो काढू नका.

द्यायचंच तर खालचं आधी द्या. जमीन पाठीतली ऊब ओढते, वरून तीन ब्लँकेटं टाकली तरी. खोक्याचा पुठ्ठा, पोतं, पेपरांची चळत, तट्ट्या, जे मिळेल ते अंगाखाली. दारूने ऊब येते हे खोटं आहे; रक्त कातडीकडे येतं म्हणून गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर जाते, प्यालेला माणूस आधी मरतो. कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेत अख्खं घर जातं. तान्ह्या लेकराला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दोघांना मिळून गुंडाळा. सिकलसेलच्या पोराला गार पाण्याने अंघोळ घालू नका, त्याला पाणी पाजत राहा.

आम्ही पाच थर्मामीटर आणले आहेत. या हिवाळ्यात पारा दहाच्या खाली जाईल त्या प्रत्येक रात्री ते जमिनीवर ठेवायचे : बर्डी, रेल्वे स्टेशन, इंदोरा, अजनी, आणि एका इस्पितळाची भिंत. रात्री अकरा, दोन आणि पाचला वाचायचे. शेजारी झोपलेल्याला विचारून लिहायचं : नाव, वय, खाली काय, वर काय, निवाऱ्यात का गेला नाही. कोणी सकाळी उठला नाही तर ते पान घेऊन पोलीस ठाण्यात, तिथून डॉक्टरकडे, तिथून तहसीलदाराकडे. नाव असलेला माणूस बेवारस लिहू द्यायचा नाही. पाच ठिकाणांना रात्रीला दहा पोरं लागतात. सध्या आम्ही सहा आहोत. पोरींनीही यावं, बायका पोरांशी बोलत नाहीत. वही आपली आपण आणावी.