पहिल्या भेटीला जाताना मान ताठ ठेवा

राजगडाच्या पायथ्याला असलेल्या गुंजवणे गावात शनिवार-रविवारी पुण्याकडून येणाऱ्या मोटारसायकलींची रीघ लागते. चोरदरवाजाच्या वाटेने पद्मावती माचीवर चढणाऱ्या त्या गर्दीत जोडपीही असतात. त्याच दिवशी भोर-वेल्ह्याच्या या पट्ट्यातल्या आमच्या वस्तीतला एखादा तरुण उलट दिशेने, नसरापूरमार्गे पुण्याकडे निघालेला असतो. आठवडाभर शिरवळच्या कारखान्यात पाळी केलेली असते आणि आता फोनवर ओळख झालेल्या मुलीला तो पहिल्यांदा भेटणार असतो. शहरात याला ‘डेट’ म्हणतात. त्याच्यापुढे दोन प्रश्न असतात. घालायचे काय आणि बोलायचे काय?

चळवळीच्या दैनिकात असल्या विषयावर कशाला लिहायचे, असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, लिहायलाच हवे. कारण कपडा हा आपल्या समाजात कधीच किरकोळ विषय नव्हता.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी फर्मान आहे. त्यांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत. माणसाने तोंड उघडण्याआधी त्याची पायरी दिसली पाहिजे, एवढ्यासाठी हा बंदोबस्त! डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी या ग्रंथाचे जाहीर दहन घडवून आणले. त्याच परिषदेच्या वेळी जमलेल्या आयाबहिणींशी ते लुगडे आणि दागिन्यांबद्दल बोलले, हे अनेकजण विसरतात. लुगडे वरच्या जातीच्या बायका नेसतात तसे नेसा, त्याला जादा पैसा लागत नाही. गळ्यातल्या गळसऱ्या आणि कोपरापर्यंतची हलक्या धातूची कडी ही तुमची जात ओळखण्याची खूण आहे, ती टाकून द्या. स्वच्छ राहा. असा त्या उपदेशाचा आशय होता. नेसण्याची पद्धत बदलणे म्हणजे कपाळावर मारलेला शिक्का पुसणे, हे त्या निरक्षर माउल्यांना नेमके कळले आणि त्यांनी लगेच बदल केला.

म्हणून वस्तीतला मुलगा शर्टाला इस्त्री करतो, बुटाला पॉलिश मारतो, तेव्हा त्याला ‘हिरो झालाय’ म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी महाड आठवावे. गावोगावच्या पुतळ्यांत बाबासाहेब कोट-टाय घालून उभे आहेत. चांगले कपडे घालून समोरच्याच्या डोळ्याला डोळा देणे हा आपल्याला मिळालेला वारसा आहे. तो वापरायचा.

पण इथेच एक धोका आहे. सजणे दोन प्रकारचे असते. एक सजणे आपण जे आहोत ते नीटपणे समोर ठेवते. दुसरे आपल्याला लपवते. लपवणाऱ्या सजण्यातून आत्मविश्वास कधीच येत नाही, कारण पकडले जाण्याची भीती त्याच्या पोटातच असते.

गोरेपणाच्या मलमाचेच पाहा. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये आपल्या बाजारात आली. काळी मुलगी नाकारली जाते आणि मलम लावले की नोकरी व नवरा मिळतो, असे तिच्या जाहिराती वर्षानुवर्षे शिकवत राहिल्या. महिला संघटनांनी आवाज उठवला. २०२० मध्ये कंपनीने नावातून ‘फेअर’ शब्द काढला, ट्यूब मात्र दुकानात राहिली. त्याहून वाईट म्हणजे बाजारात मिळणाऱ्या काही बेनामी मलमांत पारा असतो, तो मूत्रपिंडे बिघडवतो. पण कंपनीला दोष देऊन आपण सुटत नाही. आपल्याच वधू-वर मेळाव्यांत ‘गोरी, सडपातळ’ मुलगी मागणारे उपवर आणि त्यांचे आईबाप बसलेले असतात. जातीची उतरंड नाकारायची आणि घरात रंगाची उतरंड मांडायची, हा कुठला न्याय? अमेरिकेतले काळे लोक एकेकाळी जळजळीत रसायने लावून केस सरळ करीत. साठच्या दशकात त्यांनी ‘काळे ते सुंदर’ असे ठणकावले आणि आपले कुरळे केस अभिमानाने वाढवले. त्यांच्यातल्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतले. नाव घेतले, तर ती ताठ मानही घ्यायला हवी.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्या आठवा. शालूच्या नजरेत भरण्यासाठी त्याला जीनची पँट हवी असते, म्हणून तो गारेगार विकत फिरतो. शेवटी शालूच्या डोळ्यांदेखत त्याला घरच्यांबरोबर डुक्कर पकडावे लागते, आणि बघणारे हसतात. पँट मिळाली असती तरी ते हसू थांबले नसते. लाज जब्याच्या कपड्यात नव्हतीच, ती हसणाऱ्यांच्या डोक्यात होती. हे ज्याला समजले तो साध्या सदऱ्यातही राजासारखा बसतो.

आता खरा काटा. आपल्या मुलामुलींना पहिल्या भेटीत सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? आडनावाची. कपडे झकास असतात, अत्तर लावलेले असते, आणि ‘तुझं पूर्ण नाव काय?’ म्हटले की घसा कोरडा पडतो. काहीजण आडनाव गिळतात, काहीजण गावाचे नाव पुढे करतात. आमचे मत स्पष्ट आहे. जात हा गुन्हा नाही, त्यामुळे तिची कबुली देत सुटायचे कारण नाही. पण विचारले तर खोटे बोलू नका. आडनाव ऐकून जो माणूस कॉफी अर्धी टाकून उठतो, त्याने तुमचे पुढचे आयुष्य वाचवले असे समजा.

ही भीती हवेतून आलेली नाही, हे आम्ही जाणतो. २८ एप्रिल २०१४ रोजी अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात आपल्या समाजातल्या सतरा वर्षांच्या मुलाला मारून टाकले गेले. वरच्या जातीतल्या मुलीशी तो बोलतो, एवढा संशय पुरेसा ठरला. २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. म्हणून तरुणांनो, ताठ मान ठेवा आणि डोळेही उघडे ठेवा. दोघेही कायद्याने सज्ञान असाल तरच भेटा. चारचौघांत, दिवसाउजेडी भेटा. कुठे आणि कुणाला भेटतो आहोत, हे एका विश्वासू मित्राला किंवा मैत्रिणीला सांगून निघा. मुलींनी तर हे कटाक्षाने करावे.

बाकीचे सोपे आहे. अंघोळ, कापलेली नखे, धुतलेला आणि अंगाला बसणारा शर्ट एवढे पुरते. हप्त्यावर घेतलेला महागडा मोबाईल किंवा मित्राची मागून आणलेली गाडी दुसऱ्या भेटीत उघडी पडते. पगार आहे तेवढाच सांगा. पाळीत काम करता हे सांगायला कचरू नका, घामाच्या पैशाला कमीपणा नसतो. दारू पिऊन तर जाऊच नका. दारुड्या नवऱ्याला आणि मुलाला जेवायला वाढू नका, असे बाबासाहेबांनी आपल्या आयांना बजावले होते, तिथे दारुड्या मित्राची काय पत्रास? चौदा एप्रिलला विहारासमोर दोन मिनिटे भाषण केले असेल, तर तोच आवाज इथेही कामाला येईल. मात्र इथे भाषण करू नका. विचारा, ऐका. ती ‘नको’ म्हणाली तर ते नकोच असते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला अस्पृश्य महिलांच्या परिषदेत हजारो स्त्रियांसमोर बाबासाहेबांनी सांगितले की लग्न करणाऱ्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची गुलाम होण्यास नकार द्यावा. हा दंडक पहिल्या भेटीपासून लागू होतो. आपल्याकडे दीक्षेनंतरही ‘मुलगी पाहण्याचा’ कार्यक्रम तसाच चालू आहे. तिला चालून दाखवायला लावतात, केस किती लांब ते विचारतात, आणि नवरदेव पाय पसरून पोहे खातो. त्यापेक्षा दोन सज्ञान माणसे एका टेबलाशी समोरासमोर बसून एकमेकांना प्रश्न विचारतात, हे आम्हाला शंभरपट बरे वाटते. त्या टेबलाशी कोणी वर नाही, कोणी खाली नाही.

तेव्हा मित्रांनो, मैत्रिणींनो, आरशात जरूर पाहा. भांग नीट पाडा. पण निघताना स्वतःला एकच विचारा, मी जो आहे तोच जातोय ना? उत्तर ‘होय’ असेल तर खुशाल जा. तुमच्या पणजीने महाडला लुगडे घोट्यापर्यंत खाली सोडले, ते तुम्हाला आज मान वर करता यावी म्हणूनच.