जिवाणूंना हवा हवी

वालधुनीकाठच्या रहिवाशांनी तिला नदी म्हणणे केव्हाच सोडले आहे. अंबरनाथ, उल्हासनगर ओलांडून ती कल्याणजवळ उल्हासच्या खाडीला मिळते, तोवर नाल्याचे रूप पूर्ण झालेले असते. अशा प्रवाहांवर आणि ठाण्याच्या तलावांवर एक उपाय हिरिरीने सुचविला जातो : उपकारक जिवाणूंचे द्रावण ओता, ते घाण खातील आणि रोगजंतूंचाही नायनाट करतील. उपाय खोटा नाही. तो ज्या सहजतेने सांगितला जातो, ती मात्र फसवी आहे.

शास्त्र जुनेच आहे. मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी १९१४ मध्ये सक्रिय गाळाची पद्धत मांडली. सांडपाण्यात हवा खेळविली की जिवाणू त्यातील सेंद्रिय घाण खाऊन वाढतात आणि त्यांचे पुंजके बनतात. पटकी, विषमज्वर, हगवण यांचे जंतू या पुंजक्यांना चिकटून तळाशी बसतात, अन्नाच्या स्पर्धेत मागे पडतात. उरलेल्यांतील बरेचसे सूक्ष्म आदिजीव गिळून टाकतात. तरीही काही वाचतातच, म्हणून शेवटी क्लोरीनसारखा उपाय योजावा लागतो.

हे सैन्य बहुधा विकत आणावे लागत नाही. मैल्यात ते आधीपासूनच असते. त्याला हवा असतो प्राणवायू, काही तासांचा अवधी आणि विषापासून अभय. तलावात निदान पाणी थांबते; तेथे हवा दिली आणि मैल्याचा नवा ओघ अडविला तर गुण येतो. वाहत्या नाल्यात बाटलीतील जिवाणू ओतणे म्हणजे ते खाडीत वाहून घालविणेच होय.

आणि विषाचे काय? नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून वालधुनीत रसायन सोडले गेले, तेव्हा उल्हासनगरमधील शेकडो नागरिकांना रुग्णालय गाठावे लागले. जिथे काठावरची माणसे गुदमरली, तिथे पाण्यातील जिवाणूंची काय कथा! ‘वनशक्ती’च्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उल्हास नदीच्या प्रदूषणासाठी स्थानिक संस्था व सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांना जबाबदार धरले, ते उगीच नव्हे. कारखान्यांचे पाणी घरगुती सांडपाण्यापासून वेगळे ठेवणे, ही जिवाणूंच्या कामाची पूर्वअट आहे.

बोट केवळ कारखानदारांकडे दाखवूनही भागणार नाही. ठाणे-कल्याणच्या मोठ्या गृहसंकुलांत आता स्वतःची प्रक्रिया यंत्रणा असते. वार्षिक सभेत वीजबिलाचा विषय निघाला की रात्री ब्लोअर बंद ठेवण्याची सूचना अनेकदा येते. हवा थांबली की काही तासांतच या जिवाणूंचे काम थांबते, गाळ कुजतो, दुर्गंधी सुटते. मग कंत्राटदाराकडे जिवाणूंच्या नव्या पुडीची मागणी केली जाते.