शेजाऱ्याची गोळी आपल्याला नको



हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, स्टेंट बसवलेला साथी डॉक्टरांच्या सल्ल्याने ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन रोज घेतो, ते योग्यच. त्याने ती परस्पर बंद करता कामा नये. पण त्याचे पाहून धडधाकट गँगमनने किंवा पोस्टमननेही ती सुरू करावी, हे आम्हाला मान्य नाही. ही गोळी रक्ताची गुठळी रोखते, तसेच जखमेचे रक्तही लवकर थांबू देत नाही. हृदयविकार नसलेल्या १९,११४ वृद्धांवर झालेल्या ‘अ‍ॅस्प्री’ चाचणीत (२०१८) गोळी घेणाऱ्यांचा हृदयविकार विशेष घटला नाही. मोठा रक्तस्राव मात्र वाढला. सोबत गुडघेदुखीच्या गोळ्या असतील (आपल्यात कोण घेत नाही?), तर पोटातील रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. शौचास काळे झाले तर ड्युटीवर जाऊ नका, तडक दवाखाना गाठा. रजेचे युनियन बघून घेईल.